फोन उभाच धरा

समुद्रावरच्या मोठ्या जहाजांच्या सहली विकणारी एक वेबसाइट आहे. तिच्यावर जहाजांचे व्हिडिओ आहेत, आणि प्रत्येक जहाजाची एक फिरती सफरही आहे. फोनवर बोट सरकवलं की खोली चहूबाजूंनी फिरते, जमिनीवरच्या पांढऱ्या बाणावर बोट ठेवलं की आपण चार पावलं पुढे जातो. ज्यांच्याकडे हे उघडत नाही, अडकतं, आवाज येत नाही, त्यांच्यासाठी मदतीचा नंबर असतो. मराठी निवडलं की तो फोन ज्या चार-सहा घरांत वाजतो, त्यांतलं एक अमरावतीतलं माझं. समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा नेमकी ओहोटी होती. पण कोणत्या जहाजाच्या कितव्या मजल्यावर पोहायचा तलाव आहे, हे मला झोपेतून उठवून विचारा.

आधी मी एका संगणक वर्गात शिकवायची. तो बंद पडला आणि त्याच वर्षी आई गेली. भाऊ पुण्याला असतो. दर रविवारी फोन करतो आणि "बरी आहेस ना?" असं विचारतो, म्हणजे उत्तर त्यानंच देऊन टाकलेलं असतं. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही हे सांगायचंही केव्हाच सोडून दिलं. एकटेपणाबद्दल लोक फार गोडगोड लिहितात. मला त्यात गोड काही सापडलं नाही. कुकर लावून मी फोनवर बसते, शिट्ट्या मोजायला घरात दुसरं कुणी नाही, म्हणून वरण कधी कच्चं राहतं, कधी त्याचा गाळ होतो. तेच खाते.

या नोकरीचे दोन नियम होते. पहिला, बोलणं शुद्ध हवं. वऱ्हाडी शब्द निघाला की महिन्याच्या शेवटी रेकॉर्डिंग ऐकवून टोकत. दुसरा, मागे कसलाही आवाज नको. हा दुसरा नियम ज्यांनी केला ते मे महिन्यात अमरावतीत राहिलेले नसावेत. फोन वाजला की मी आधी कूलर बंद करायची आणि मग "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" म्हणायची. चार मिनिटांच्या फोनमध्ये पाठ भिजून जायची.

तसाच एका दुपारी फोन आला.

"म्याडम, थे जहाज काल दिसलं, आज उघडून नाई राहिलं. सारं काळं दिसते."

म्हातारा पण खणखणीत आवाज. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं: डेटा वाचवायचं बटण बंद करा, पान पुन्हा उघडा, थोडं थांबा. ते एकेक गोष्ट करत होते आणि करता करता मला कळवत होते. मध्येच म्हणाले, "हा फोन माहं बोटच घेत नाई."

"ओल्या फडक्यानं बोटं पुसून पाहा."

"झेंडू तोडतो म्या, म्याडम. हे काळं फडक्यानं निघणारं नाई."

शेवटी चित्र उघडलं आणि गरागरा फिरायला लागलं. मी घाईनं म्हणाले, "थांबा जी, हळू फिरवा." तो वऱ्हाडी 'जी' तोंडातून निसटला तो निसटलाच.

पलीकडून लगेच, "तू इकडचीच होय का व?"

"अमरावतीची," मी हळू आवाजात म्हणाले, जसं काही रेकॉर्डिंगला कमी ऐकू येतं.

"मी अकोल्याचा. म्हंजे अकोल्याच्या भाईरचा. फुलाचा मळा हाय आमचा. तू कूलर बंद केला काय फोन उचलतानी? घरघर आल्यासारखी वाटली अन् एकदम बंद झाली. लाव व, मले ऐकू येते."

या नोकरीत मला कुणी काही विचारत नाही. मी कूलर लावला. नियम मोडल्याचं वाईट वाटलं नाही, उलट वाऱ्याबरोबर डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझाच राग आला.

ते म्हणाले, "नवव्या माळ्यावर जेवणाचा मोठा हॉल हाय. तू बी उघड तुह्याकडं." मी उघडला. लांबलचक मेजं, कलिंगडावर कोरलेली फुलं, चकचकीत भांडी. एका मेजापाशी पांढऱ्या कपड्यातला एक माणूस आमच्याकडे पाठ करून किंचित वाकलेला.

"दिसला?" त्यांनी विचारलं.

"दिसला."

"थो माहा पोरगा होय."

कशावरून, ते त्यांनी सांगितलं. झेंडू तोडताना कमरेला कापड बांधून त्याची झोळी करतात, तोडलेली फुलं त्यात टाकतात. ती ओटी. सगळे तिची गाठ मागे बांधतात. यांच्या घरी गाठ डाव्या कुशीवर घेतात आणि टोकं वर वळवून खोचतात, म्हणजे दिवसभर वाकलं तरी ती पाठीत रुतत नाही. "माह्या बापानं मले शिकवलं, म्या त्याले. अकोल्यात अशी गाठ दुसऱ्या कोनाची नाई. त्याच्या कंबरेचं कापड पाय तू." मी चित्र मोठं केलं. स्वयंपाक्याचा पांढरा एप्रन, गाठ डाव्या कुशीवर, टोकं वर खोचलेली.

मुलगा जहाजावर स्वयंपाकघरात कामाला लागला त्याला काही वर्षं झाली होती. पहिल्यांदा सुट्टीला आला तेव्हा एक पिशवी घेऊन आला होता, तिच्यावर या जहाजाचं नाव होतं. मग त्याची आई वारली. जहाज भर समुद्रात होतं, तो येऊ शकला नाही. चौथ्या दिवशी त्याचा फोन लागला तेव्हा बाप त्याला म्हणाला, "मायच्या मातीले आला नाईस, आता माह्याही मातीले येऊ नोको." पोरानं ते मनाला लावून घेतलं. नंबर बदलला. दीड वर्ष झालं, काही कळलं नाही. ज्या एजंटनं कामाला लावलं होतं त्याचं दुकान उठलं होतं. आम्ही नुसती तिकिटं विकतो, जहाजावर कोण काम करतं ते आम्हाला माहीत नसतं, हे मी त्यांना सांगितलं. ते त्यांनी आधीच दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं होतं.

"फोटो हाय, थे समजते मले," ते म्हणाले. "कधीचा हाय तेबी म्हायत नाई. पण हाय त त्याचा. नुसती पाठ दिसते. समोरून पायता येते का? एकडाव तोंड पायलं असतं. बारीक झाला का, बिमार हाय का, समजलं असतं."

पाहता येत होतं. मेजाच्या पलीकडे जमिनीवर एक बाण होता. पण त्यांनी फोन उभा धरला होता, आणि उभ्या फोनवर, खोली कितीही फिरवली तरी, चित्राची उजवी कड कापलेलीच राहायची, म्हणून बाण कडेबाहेर राहत होता. फोन आडवा केला की तो दिसणार होता. अर्ध्या मिनिटाचं काम. ग्राहकाला सांगण्याआधी स्वतः करून पाहायचं, ही मला संगणक वर्गापासूनची सवय. मी माझ्या पडद्यावर बाण दाबला.

तो माणूस पन्नाशीचा होता. गोल चेहरा, पिकलेली मिशी, कुठल्या तरी दूरच्या देशाचा असावा. अशा चित्रांत कामगारांचे चेहरे पुसट करून टाकतात, याचा राहून गेला होता. एप्रनचे बंद लांब होते, म्हणून त्यानं ते फिरवून बाजूला बांधले होते. बस, एवढंच.

"काय झालं व? लाइन गेली काय?"

मला त्यांची दया आली, असं मी म्हणू शकते, आणि ते खोटंही नाही. पण त्याच क्षणी मला हेही कळत होतं, की मी खरं सांगितलं तर हा माणूस "बरं" म्हणून फोन ठेवील आणि पुन्हा करणार नाही. दोन्ही गोष्टी एकदमच मनात आल्या. त्यातली कुठली आधी आली हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

"तो बाण सध्या बंद आहे, काकाजी," मी म्हणाले. "मी वर तक्रार टाकते. तोवर तुम्ही फोन उभाच धरा. आडवा केला की चित्र बिघडतं."

"उभाच धरतो," ते म्हणाले.

आमच्याकडे तक्रारीला नंबर पडतो. ती मिटेपर्यंत तो नंबर सांगणाऱ्याचा फोन ज्यानं तक्रार नोंदवली त्याच्याकडेच येतो. म्हणजे माझ्याकडे. सोमवारी सकाळी बाजारात फुलं देऊन घरी आले की दुपारी ते फोन करत. "झाला काय बाण?" "नाही ना अजून." "वरतं कोनी ऐकून नाई राहिलं काय तुहं?" "नाही ऐकत." एवढं झालं की तक्रार बाजूला पडायची. शेवंतीला कळ्या कधी धरतील, मळ्यात रानडुकरं कुठून शिरतात, पिठल्यात गाठी होऊ नयेत म्हणून पीठ आधी कशात कालवायचं. बायको गेल्यापासून ते हातानंच रांधत होते आणि त्याची त्यांना थोडी घमेंडही होती. माझ्या वरणाचं ऐकून त्यांनी मला सरळ झापलं, "एवढं शिकून बी तुले दोन शिट्ट्या मोजता येत नाई काय?"

मी सोमवारची वाट पाहायला लागले. रविवारी रात्रीच दुसऱ्या दिवशीचा ड्रेस काढून ठेवायची. एका सोमवारी सकाळी डोक्यावरून आंघोळ केली आणि केस पुसता पुसता लक्षात आलं की हे आपण फोनसाठी करतोय. फोनवर केस दिसत नाहीत हे मला कळतं. तरी केलं. एवढा वेळ माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, दुसरं काही कारण नव्हतं.

दर रविवारी ठरवायची की उद्या सांगून टाकायचं. आणि सोमवारी ते म्हणायचे, "काल बी पायला त्याले. खांदे उतरल्यासारखे वाटते व." मग मी विषय शेवंतीवर न्यायची. पुण्याहून आमच्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. ही एकच तक्रार इतके दिवस उघडी का, आमच्याकडे तर बाण नीट चालतोय. मी म्हणाले, ग्राहकाच्या फोनमध्ये काही गडबड आहे, बघतेय. एका खोट्याची दोन झाली, आणि दुसरं मी अगदी शुद्ध भाषेत बोलले.

सहा सोमवार असे गेले.

सातव्या सोमवारी तिवस्याला चुलतबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. गेले नसते तर "ही हल्ली कुणात मिसळत नाही" झालं असतं, म्हणून रजा टाकून गेले. मंडपात पंख्याजवळची खुर्ची मिळाली, बाकी काही मिळालं नाही. एका दूरच्या काकांनी विचारलं, "सध्या काय करून राहिली?" मी म्हणाले, "जहाजांचं काम आहे." त्यांनी "बरं, बरं" म्हटलं आणि ते मठ्ठा घ्यायला उठले ते परत आले नाहीत. दुपारी मी तीन-चारदा मोबाइल पाहिला. आपण नसलो तर काकाजी उद्या करतील, असंच मी धरून चालले होते. मी रजेवर असले की माझा फोन जो मोकळा असेल त्याच्याकडे जातो, हा नियम मला पाठ होता. पण तो माझ्या डोक्यात आला नाही.

मंगळवारी सकाळी पाहिलं तर ती तक्रार हिरवी झाली होती. खाली शेरा: "ग्राहकास फोन आडवा धरण्यास सांगितले. बाण दिसला. समस्या सुटली." आमच्या ग्रुपवर वरिष्ठ बाईंनी ती मिटवणाऱ्या मुलीसाठी टाळ्यांचं चित्र टाकलं होतं.

मी रेकॉर्डिंग लावलं. ती मुलगी नवीन होती, गोड आणि स्पष्ट बोलणारी.

"सर, जरा फोन आडवा धरता का?"

"आडवा नाई धराचा. त्या बाईनं सांगतलं हाय."

"नाही सर, आडवाच धरायचा असतो. आता उजव्या हाताला पांढरा बाण आला का?"

"आला."

"त्यावर बोट ठेवा."

लांब कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता, तो ऐकू येत राहिला. ती मुलगी दोनदा "सर?" म्हणाली.

"हाय म्या," ते म्हणाले. "दिसलं."

"अजून काही मदत करू शकते का?"

"नाई. त्या अमरावतीच्या बाईले तेवढं सांगजा, बाण चालू झाला म्हणून. सहा हप्त्यापासून भांडून राहिली बिचारी वरच्या लोकाईसंग."

मी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकताना मला इतकी लाज वाटली की मी कानावरचं काढून टाकलं आणि खोलीत कुणी आहे का म्हणून मागे वळून पाहिलं. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना माझा संशयसुद्धा आला नव्हता.

ग्राहकाला स्वतःच्या मोबाइलवरून फोन करायचा नाही, असाही एक नियम आहे. संध्याकाळी काम संपल्यावर मी केला.

"कोन?"

"मी, काकाजी. अमरावतीची."

"हां, बोल व. सांगतलं ना त्या पोरीनं? झाला तुहा बाण." मग आवाज खाली आला. "थो आपला नाई निघाला. कोनी बुढा हाय. गाठ तेवढी सारखी."

मी दिवसभर वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही आलं नाही. "काकाजी, बाण बंद नव्हताच. मी पयल्याच दिवशी पाह्यलं होतं त्याले. मले म्हायत होतं."

"पयल्याच दिशी?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुमाले वाईट वाटंल म्हणून." एवढ्यावर थांबता आलं असतं. पण आता थांबणं म्हणजे आणखी एक खोटं झालं असतं. "अन् मंग तुमचा फोन आला नसता."

आमच्याकडची माणसं रागावली की समोरच्याच्या सात पिढ्या काढतात. मी त्याची तयारी ठेवली होती. पण ते बोलायला लागले तेव्हा आवाज अगदी साधा होता, शेजाऱ्याला आपलं घरचं सांगावं तसा.

"रोज जेवाले बसलो का म्या फोन समोर ठेवत होतो. लोट्याले टेकवून. अन् त्याच्यासंग बोलत होतो. येडा झालो असं नोको समजू, फोटो हाय थे म्हायत होतं मले. पण पोराची पाठ समोर हाय म्हणून बोलता येत होतं. तोंड असतं त तेवढं बी झालं नसतं. पयले आठ-दहा दिस नुसत्या शिव्या देल्या. मंग त्याची माय कशी गेली थे सांगतलं. शेवटाले काय म्हणत होती, कोनाचं नाव घेत होती, सारं सांगतलं. अन् मागच्या हप्त्यात माफी मांगतली. म्या जन्मात कोनाची माफी मांगतली नाई व बाई. बापाची नाई, बायकोची नाई. लय जड गेलं. पण मांगतली."

एकही शब्द सुटू नये म्हणून मी उठून कूलर बंद केला.

"तू पयल्या दिशी सांगतलं असतं," ते म्हणाले, "त हे सारं माह्यापाशी राह्यलं असतं. कधी पोरगा भेटला असता, त त्याले देलं असतं. आता त्या बुढ्याले देऊन बसलो."

"पुन्हा सांगता येईल, काकाजी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तो येईल तेव्हा पुन्हा सांगा ना."

"नाई व," ते म्हणाले. "थे एकडावच निघते."

मी पुढे काही बोलण्याआधी त्यांनी फोन ठेवला.